हप्ता का वाढला आणि आपल्या हातात काय आहे

गाडी एका वर्षाने जुनी झाली, तिची किंमत उतरली, वर्षभरात एकही क्लेम केला नाही. तरीही विम्याच्या नूतनीकरणाची सूचना आली तेव्हा हप्ता गेल्या वर्षीपेक्षा दोन-तीन हजारांनी जास्त. कारमालकांकडून ही तक्रार वारंवार ऐकू येते आणि ती रास्त आहे. सूचनेवर ठळक आकडा एकच असतो. तो कशाकशाचा बनला आहे हे खालच्या बारीक अक्षरांत शोधावं लागतं, आणि तेवढी सवड बहुतेकांना मुदत संपायच्या आदल्या दिवशी नसते. पण शोधल्यावाचून इलाज नाही. त्या एका आकड्यात चार वेगळ्या रकमा असतात. त्या ठरवणारे वेगळे, वाढण्याची कारणं वेगळी आणि त्यांवर आपलं किती चालतं तेही वेगळं. नेमकी कोणती रक्कम वाढली हे कळलं नाही, तर माणूस एजंटशी भलत्याच गोष्टीवर वाद घालतो, नाहीतर चिडून जिथे हात लावू नये तिथेच काटछाट करतो.

पहिली रक्कम थर्ड पार्टीची. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचा जीव गेला, कुणी जखमी झालं किंवा कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई या विम्यातून होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. त्याचा दर केंद्र सरकार विमा नियामक प्राधिकरणाशी, म्हणजे इर्डाईशी सल्लामसलत करून ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीला वर्षाला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७ रुपये पडतात. २०२३ आणि २०२४ मध्येही हेच दर राहिले. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना यात १५ टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के सवलत ठेवलेली आहे. कंपनी सरकारी घ्या की खासगी, हा आकडा तोच राहतो. त्यामुळे यावर घासाघीस करण्यात वेळ घालवू नये.

तरीही याच रकमेमुळे एक मोठा धक्का बसतो आणि तो बहुतेकांना चौथ्या वर्षी बसतो. रस्ते सुरक्षेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या आदेशानुसार, त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. २०२२ च्या दरांत मधल्या गटाच्या गाडीसाठी ही तीन वर्षांची रक्कम १०,६४० रुपये होते. शोरूममध्ये गाडीच्या एकूण किमतीत ती मिसळून जाते आणि कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता भरायचा असतो, त्यामुळे विमा स्वस्त वाटतो. चौथ्या वर्षी थर्ड पार्टीचे ३,४१६ रुपये आणि त्यावरचा जीएसटी धरून ४,०३१ रुपये परत येऊन बसतात. मोठ्या इंजिनाच्या एसयूव्हीला हाच आकडा ९,३१८ रुपयांवर जातो. ही दरवाढ नाही. तीन वर्षांचा आगाऊ भरणा संपला, इतकंच. शोरूमने विकतानाच हे नीट सांगितलं असतं, तर कितीतरी मनस्ताप वाचला असता.

दुसरी रक्कम स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची. एजंटांच्या भाषेत ओडी. खरं गौडबंगाल इथे आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं. ३१ डिसेंबर २००६ पर्यंत या भागाचेही दर ठरलेले असत. १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना ते ठरवण्याची मोकळीक मिळाली. मात्र अनेक कंपन्यांची आकडेमोड आजही त्या जुन्या दरपत्रकाला धरूनच चालते. त्यात देशाचे दोन विभाग आहेत. मुंबई आणि पुणे इतर सहा महानगरांसह ‘अ’ विभागात, बाकी सगळा महाराष्ट्र आणि गोवा ‘ब’ विभागात. १००० ते १५०० सीसीच्या, पाच वर्षांपर्यंत जुन्या मोटारीला ‘अ’ विभागात गाडीच्या विमा मूल्याच्या ३.२८३ टक्के आणि ‘ब’ विभागात ३.१९१ टक्के दर आहे. म्हणजे सहा लाख विमा मूल्याच्या गाडीला पुण्यात १९,६९८ आणि साताऱ्यात १९,१४६ रुपये. ‘एमएच १२ आहे म्हणून महाग’ असं सर्रास बोललं जातं. या कोष्टकापुरता तो फरक साडेपाचशे रुपयांचाच आहे. गाडीने पाच वर्षं ओलांडली की ‘अ’ विभागातला हाच दर ३.४४७ टक्के होतो. किंमत उतरत असताना दराचा टक्का चढतो, तो असा.

आता इतके पैसे प्रत्यक्षात कुणी भरत नाही, कारण कंपनी या रकमेवर सूट देते आणि ती मोठी असते. हप्ता वाढण्याचं खरं यंत्र म्हणजे ही सूट. समजा, वरच्या पुण्याच्या गाडीला गेल्या वर्षी ७० टक्के सूट होती, तर ओडीचा हप्ता ५,९०९ रुपये झाला. यंदा सूट ६० टक्के केली, की तोच हप्ता ७,८७९ रुपये. दर बदलला नाही, नियम बदलला नाही, सूट फक्त दहा टक्क्यांनी घटली आणि हप्ता एक तृतीयांशाने वाढला. विमा मूल्य उतरल्यामुळे जे वाचणार होतं, ते यात वाहून गेलं. ‘सूट अजूनही ६० टक्के आहे’ हे वाक्य फोनवर ऐकायला चांगलं वाटतं, म्हणूनच त्यावर विसंबू नये. सूट किती, असं विचारण्याऐवजी ओडीचे निव्वळ रुपये किती, असं विचारावं.

कंपनी सूट का घटवते? काही कारणं खरी आहेत. नव्या गाड्यांच्या बंपरमध्ये सेन्सर, पुढच्या काचेमागे कॅमेरा, एलईडी हेडलॅम्पचा आख्खा संच. पूर्वी ठोकून-रंगवून भागायचं, तिथे आता भाग बदलावा लागतो. त्या मॉडेलच्या क्लेमचा खर्च वाढला की त्या मॉडेलच्या सगळ्याच मालकांचा हप्ता वाढतो, मग तुम्ही कितीही जपून चालवत असा. पुराचाही हिशेब त्यात येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबई बुडाली. त्यानंतर २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. विमा हा अनेकांच्या पैशातून थोड्यांचं नुकसान भरून देण्याचा व्यवहार आहे. नुकसान वाढलं की वर्गणी वाढणारच, हे मान्य करायला हवं.

दुसरं एक कारण मात्र मला मान्य नाही. नवा ग्राहक खेचण्यासाठी पहिल्या वर्षी दर पाडायचा आणि तो पुढे निमूटपणे भरत राहील असं गृहीत धरून दरवर्षी थोडा थोडा वाढवायचा, ही रीत जगभरच्या विमा बाजारात दिसली आहे. जो चौकशी करत नाही त्याला महाग आणि जो सोडून जातो त्याला स्वस्त. यात सर्वांत जास्त भरडली जातात ती वयस्क माणसं आणि वर्षानुवर्षं एकाच कंपनीवर विश्वास ठेवणारी कुटुंबं. ब्रिटनमधल्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या नियामकाने १ जानेवारी २०२२ पासून ही रीत बंद केली. मोटार आणि घराच्या विम्याच्या नूतनीकरणात जुन्या ग्राहकाला, तशाच नव्या ग्राहकाला मिळाला असता त्याहून जास्त दर लावता येत नाही. आपल्याकडे ते काम ग्राहकालाच करावं लागतं, तुलना करून.

तुलना करताना एक सापळा सांभाळायचा. विमा मूल्याला आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर मिळणाऱ्या रकमेचा पाया हाच आकडा असतो. गाडीच्या कंपनीच्या यादीतल्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून तो काढतात: दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०, आणि त्यापुढे दोघांच्या संमतीने. स्वस्त दिसणारा दर पुष्कळदा हे मूल्य पाडून स्वस्त केलेला असतो. सहा लाखांच्या गाडीचं मूल्य पाच लाख दाखवलं, तर हप्त्यात काही शे रुपये वाचतात आणि गाडी गेली तर लाख रुपये जातात. म्हणून तीन कंपन्यांचे दर मागवताना तिघांना एकच आयडीव्ही आणि एकच जादा कवचं सांगावीत. तसं न करता काढलेल्या तुलनेला अर्थ नाही.

आता एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत. ती फक्त ओडीच्या भागावर मिळते. पहिल्या क्लेमविरहित वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणात ती शून्यावर येते. हे सगळ्यांना माहीत असतं. शून्यावर आल्यानंतर पुन्हा वर चढायला पाच वर्षं लागतात, त्याचा हिशेब मात्र फारसा कुणी मांडत नाही. तो मांडून बघू.

समजा, सवलतीआधीचा ओडी हप्ता १२,००० रुपये आहे आणि तुमची एनसीबी ५० टक्क्यांवर पोचली आहे. तुम्ही ६,००० भरता. पार्किंगमध्ये कुणीतरी दरवाजा घासला, डेंटिंग-पेंटिंगचा खर्च ७,००० आला आणि तुम्ही क्लेम केला. अनिवार्य वजावट १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये असते. ती जाऊन, घसारा कापला नाही असं धरलं तरी, हातात ६,००० पडले. पुढच्या वर्षी सवलत शून्य, म्हणजे ६,००० जास्त भरले. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के, म्हणून ३,६०० जास्त. मग ३,०००, मग १,८००, शेवटी ६००. बेरीज १५,०००, जीएसटीसह १७,७००. गाडीचं मूल्य दरवर्षी उतरतं म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल, पण निष्कर्ष बदलत नाही. सहा हजारांसाठी पंधरा हजारांच्या आसपास गमावले. गॅरेजवाला ‘इन्शुरन्समध्ये करून टाकू साहेब’ म्हणतो तेव्हा त्याचं बिल निघतं, आपलं नुकसान पुढची पाच वर्षं निघत राहतं. पन्नास टक्के एनसीबी असलेल्या माणसासाठी साधा ठोकताळा असा: सवलतीआधीच्या ओडी हप्त्याच्या सव्वा पटीहून दुरुस्ती स्वस्त असेल, तर खिशातून करावी. मोठं नुकसान असेल तर अर्थातच बिनदिक्कत क्लेम करावा. विमा त्यासाठीच आहे.

ही सवलत गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकली की कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यावं. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीला लावता येतं. कंपनी बदलली तरी सवलत सोबत येते. ‘दुसरीकडे गेलात तर बोनस जाईल’ असं कुणी सांगितलं, तर ते खरं नाही. मात्र ऑनलाइन अर्ज भरताना ‘गेल्या वर्षी क्लेम नाही’ या चौकटीवर खोटी खूण करणं फार महागात पडतं. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खातरजमा करते आणि खोटेपणा निघाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते.

तिसरी रक्कम जादा कवचांची. खऱ्या अर्थाने हीच आपल्या हातात असते. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं कवच, बहुतेकांनी घेतलेलं असतं आणि सुरुवातीच्या वर्षांत ते घ्यावंच. ते नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीच्या किमतीतून निम्मी रक्कम कापली जाते, आणि आजच्या गाडीचं बाहेरचं अंग बरंचसं प्लास्टिकचंच असतं. धातूच्या भागांवरही पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के कपात आहे. गाडी जुनी होत जाते तसं हे कवच महागतं, आणि काही कंपन्या पाच वर्षांनंतर ते देतच नाहीत. सातव्या-आठव्या वर्षी ते मिळत असेल, तर त्याची किंमत आणि आपण वर्षाला कितीदा क्लेम करतो हे समोरासमोर ठेवून ठरवावं.

इंजिनाच्या कवचाबद्दल माझं मत ठाम आहे. पुराने गाडीचं झालेलं नुकसान साध्या ओडी विम्यात बसतं. पण पाण्यात अडकलेली गाडी चालू करायला गेल्याने इंजिनात पाणी शिरून ते बिघडलं, तर तो दावा नाकारला जातो. ते नुकसान लाखाच्या घरात जाऊ शकतं. मुंबई, ठाणे, चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूर इथे राहणाऱ्यांनी पैसे वाचवायला बाकी काहीही काढावं, हे कवच काढू नये. उलट चावी हरवणं, गाडीतल्या सामानाची चोरी असली छोटी कवचं बहुतेकांना लागत नाहीत आणि ती सूचनेत आपोआप घातलेली असतात. गाडीच्या कंपनीकडून रस्त्यावरची मदत आधीच मिळत असेल, तर तीही दुसऱ्यांदा घेतली जाते.

मालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याचंही तसंच. घरात एकाच नावावर दोन गाड्या असतील, तर तो प्रत्येक गाडीबरोबर घ्यायची गरज नाही. १ जानेवारी २०१९ पासून तो वेगळाही घेता येतो. तेवढ्या रकमेचा वेगळा अपघात विमा आधीपासून असेल तरी चालतं. तसं लिहून दिलं की ही ओळ निघते.

स्वेच्छा वजावटीचा सल्लाही बरेच जण देतात: पहिले अमुक रुपये मी भरीन, म्हणून हप्ता कमी करा. जुन्या दरपत्रकात १५,००० रुपयांची वजावट स्वीकारल्यावर ओडीवर ३५ टक्के, पण कमाल २,५०० रुपयेच सवलत आहे. किरकोळ दुरुस्ती खिशातूनच करायची असं ज्याने ठरवलंच आहे, त्याला हे परवडेल. नवशिक्या चालकाने किंवा रोज गर्दीतून गाडी काढणाऱ्याने त्यात पडू नये. ज्यांची गाडी फार चालत नाही, निवृत्त मंडळी किंवा लोकलने कामावर जाणारे, त्यांनी वापरानुसार हप्त्याची योजना जरूर विचारावी. इर्डाईने जुलै २०२२ मध्ये तिला परवानगी दिली. त्यात वर्षाच्या किलोमीटरची मर्यादा आधी सांगायची असते.

चौथी रक्कम जीएसटीची, वरच्या सगळ्यावर १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा कर गेला, म्हणून अनेकांना मोटारीच्या विम्याचाही गेला असं वाटतं. तो गेलेला नाही.

राहिला काटछाटीचा सगळ्यात वाईट प्रकार, मुदत उलटू देणं. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत दिवस जातात. पॉलिसी संपली की स्वतःच्या गाडीचा विमा पुन्हा घेताना कंपनी गाडीची तपासणी करते, आणि नव्वद दिवस उलटले की वर्षानुवर्षांची एनसीबी शून्य होते. विना विमा गाडी चालवल्याबद्दल कलम १९६ खाली पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. पण दंड ही किरकोळ गोष्ट आहे. त्या मधल्या दिवसांत अपघातात कुणी दगावलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती मालकाच्या घरातून जाते. दगावलेला माणूस कमावता आणि तरुण असेल तर ती रक्कम मालकाच्या कुटुंबाला देशोधडीला लावू शकते, आणि मेलेल्याच्या घरच्यांनाही पैसे वेळेवर मिळत नाहीत. दहा-बारा वर्षांच्या, लाखभर मूल्य उरलेल्या गाडीला फक्त थर्ड पार्टी ठेवणं समजण्यासारखं आहे. तेही न ठेवणं हा दुसऱ्यांवर केलेला अन्याय आहे.

प्रत्यक्षात करायचं फार नाही. मुदत संपायच्या तीन-चार आठवडे आधी जुनी पॉलिसी काढावी, एखादी सरकारी आणि दोन खासगी कंपन्यांचे दर एकाच आयडीव्हीवर मागवावेत आणि सगळ्यात कमी ओडी घेऊन आपल्या सध्याच्या कंपनीला किंवा एजंटला विचारावं. त्यांना सूट वाढवायची मुभा पुष्कळदा असते, पण न विचारणाऱ्याला ती मिळत नाही. शोरूमचा फोन आला तर तिथूनच घ्यायची सक्ती नाही. तीन-चारशे रुपयांच्या फरकासाठी मात्र चांगला एजंट सोडू नये. रात्री घाटात अपघात झाल्यावर सर्व्हेअर कुठे गाठायचा, आपल्या तालुक्यात कॅशलेस गॅरेज कोणतं, हे त्याला ठाऊक असतं, आणि ज्यांच्या गावाजवळ कंपनीचं ऑफिस नाही त्यांना त्याचं मोल जास्त. एनसीबी चुकीची लावली, न मागितलेलं कवच घातलं किंवा क्लेम अन्यायाने कापला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, मग इर्डाईच्या बीमा भरोसा पोर्टलवर. तिथेही न्याय मिळाला नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१७ पासून विमा कंपनीला नूतनीकरणाच्या सूचनेत गेल्या वर्षीचा हप्ता छापावाच लागतो. इर्डाईने आपल्याकडे याच्या एक पाऊल पुढे जावं. थर्ड पार्टी, ओडी आणि त्यावरची सूट, एनसीबी, जादा कवचं, कर या सगळ्यांच्या गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या रकमा शेजारी-शेजारी, वाचता येतील अशा अक्षरांत, ग्राहकाच्या भाषेत छापणं कंपन्यांना सक्तीचं करावं. कंपन्यांकडे हे आकडे असतातच, त्यासाठी नवा खर्च नाही. ग्राहक संघटनांनी ही मागणी लावून धरावी. आणि ती मान्य होईपर्यंत प्रत्येकाने पैसे भरण्याआधी दोन्ही वर्षांच्या रकमा स्वतःच्या हाताने एका कागदावर मांडाव्यात.